लहान सेन्सरचे कॅमेरे टिकतील काय?

कॅमेरा विकत घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : "घ्यायचाच तर फुल-फ्रेम मिररलेस घ्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांचे दिवस आता भरले." हा सल्ला खरा की खोटा? ज्यांच्या घरी कॅमेरा ही आयुष्यात एकदाच होणारी खरेदी असते, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. एखाद्या कंपनीने आपला कॅमेरा-प्रकार बंद केला, की त्याची भिंगे, बॅटऱ्या आणि सुटे भाग हळूहळू मिळेनासे होतात. पंचवीस-तीस हजारांचे भिंग मग कपाटात पडून राहते. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी कॅमेरा घेणाऱ्या शिक्षकांनाही ही धास्ती असतेच. म्हणून हा प्रश्न जाहिरातींवर न सोडता आपण भौतिकशास्त्राच्या साहाय्याने तपासून पाहू. त्यासाठी दहावीपर्यंतचे प्रकाशशास्त्र आणि थोडे अंकगणित पुरेसे आहे.

'फुल' म्हणजे किती?

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनची एक चकती असते. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर होते. हाच सेन्सर, म्हणजे प्रकाशसंवेदक. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मि.मी. लांब व २४ मि.मी. रुंद असतो, त्याचे क्षेत्रफळ ८६४ चौ. मि.मी. त्याखालोखाल एपीएस-सी नावाचा आकार येतो. तो साधारण २३.५ × १५.६ मि.मी., म्हणजे सुमारे ३६७ चौ. मि.मी. भरतो. त्याहून लहान मायक्रो फोर-थर्ड्स : १७.३ × १३ मि.मी., म्हणजे सुमारे २२५ चौ. मि.मी. फुल-फ्रेमच्या तो जवळजवळ एक-चतुर्थांश आहे.

आता असा प्रश्न विचारा, की ३६ × २४ यालाच 'पूर्ण' का म्हणायचे? हे माप निसर्गाने ठरवलेले नाही. त्याचे मूळ चित्रपटाच्या फिल्ममध्ये आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार केला. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्या काळी जगभर रूढ झालेल्या ३५ मि.मी. रुंदीच्या फिल्मवर तो चित्रित झाला होता. मूकपटाच्या फिल्मवरील एक चौकट सुमारे २४ × १८ मि.मी. असे. साधारण त्याच सुमारास जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ स्थिरचित्रांसाठी एक छोटा कॅमेरा बनवत होता. त्याने तीच फिल्म आडवी चालवली आणि चित्रपटाच्या दोन चौकटींची जागा एका छायाचित्राला दिली. १८ ची दुप्पट ३६, म्हणून ३६ × २४! हाच कॅमेरा पुढे १९२५ साली लायका या नावाने बाजारात आला.

गंमत पाहा. काचेच्या मोठमोठ्या प्लेटांवर काम करणारे तेव्हाचे छायाचित्रकार या कॅमेऱ्याला 'मिनिएचर', म्हणजे चिमुकला, म्हणत. आज ज्याला आपण 'पूर्ण' म्हणतो तो एके काळी 'लहान' होता. आणि फाळक्यांची चौकट तर आजच्या एपीएस-सी सेन्सरच्या जवळपास जाणारी होती. चित्रपटसृष्टीने शतकभर मुख्यतः याच मापावर काम केले. तेव्हा 'फुल' या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही.

आरसा गेला, तेव्हा काय झाले?

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे ४५ अंशांत एक आरसा बसवलेला असे. भिंगातून आलेला प्रकाश तो वर वळवी आणि छायाचित्रकाराला दृश्य दिसे. बटण दाबले की आरसा उचलला जाई व प्रकाश फिल्मवर पडे. हा आरसा हलायला जागा लागते. म्हणून निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत भिंग बसवण्याच्या खोबणीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मि.मी. अंतर ठेवावे लागे. निकॉनच्या आजच्या मिररलेस कॅमेऱ्यात हेच अंतर १६ मि.मी. आहे, कारण आरसाच नाही! सेन्सरवरचे दृश्य थेट पडद्यावर दिसते.

या युक्तीचा फायदा आधी लहान सेन्सरवाल्यांनी घेतला. ऑलिंपस व पॅनासॉनिक या कंपन्यांनी २००८ साली मायक्रो फोर-थर्ड्स पद्धत जाहीर केली आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा पहिला कॅमेरा आला. 'मोठ्या एसएलआरपेक्षा निम्मे ओझे' हे त्यांचे बलस्थान होते. पण २०१३ साली सोनीने आरसा नसलेला फुल-फ्रेम कॅमेरा आणला. बॅटरीसह त्याचे वजन सुमारे ४७४ ग्रॅम होते. त्याच वर्षी आलेल्या ऑलिंपसच्या वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्याचे वजन सुमारे ४९७ ग्रॅम! म्हणजे चौपट मोठा सेन्सर असलेला कॅमेरा उलट हलकाच निघाला. पुढे २०१८ मध्ये निकॉन व कॅनन याच वाटेने आले. 'लहान सेन्सर संपले' ही हाकाटी तेव्हापासून वाढली. ती कितपत खरी, हे आता पाहू.

परात आणि वाटी

आमच्या सांगोला तालुक्यात पाऊस तसा कमीच. समजा, अंगणात एक परात आणि एक वाटी शेजारी शेजारी ठेवली. पाऊस दोघींवर सारखाच पडतो. पण परातीत थेंब जास्त जमतात, कारण तिचे तोंड मोठे. प्रकाशाचेही तसेच आहे. प्रकाश फोटॉन नावाच्या कणांनी येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांप्रमाणेच अनियमितपणे पडतात. त्यामुळे एकसारख्या उजळ भिंतीचे छायाचित्र घेतले, तरी सेन्सरच्या प्रत्येक भागावर नेमके तितकेच फोटॉन पडत नाहीत. हा चढउतार फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो.

हिशेब करू. एखाद्या भागावर सरासरी १०,००० फोटॉन पडले, तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. फक्त २,५०० पडले, तर चढउतार ५० चा, म्हणजे २ टक्के. हाच चढउतार चित्रात दाणेदारपणाच्या रूपाने दिसतो. क्षेत्रफळ चौपट, फोटॉन चौपट, दाणेदारपणा निम्मा. रात्रीच्या लग्नात किंवा कीर्तनाच्या मंडपात फुल-फ्रेम कॅमेरा सरस ठरतो, तो यामुळे. यात जादू नाही; परात मोठी आहे, एवढेच.

पण या हिशेबात एक अट दडलेली आहे. दोन्ही सेन्सरांवर पाऊस 'सारखाच' पडला पाहिजे. आणि सेन्सरवर पाऊस पाडते ते भिंग!

खरा मोजमाप भिंगाच्या छिद्राचा

भिंगाचा एफ-क्रमांक तुम्ही पाहिला असेल. नाभीय अंतराला भिंगाच्या छिद्राच्या व्यासाने भागले, की हा अंक मिळतो. ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग एफ-२.८ वर ठेवले, तर छिद्राचा व्यास ५० ÷ २.८, म्हणजे सुमारे १७.९ मि.मी. आता मायक्रो फोर-थर्ड्सवर तेवढेच दृश्य मावण्यासाठी २५ मि.मी. चे भिंग लागते. ते एफ-१.४ वर ठेवले, तर छिद्राचा व्यास २५ ÷ १.४, म्हणजे पुन्हा सुमारे १७.९ मि.मी.!

दोन्ही कॅमेऱ्यांत दृश्य तेच, छिद्र तेच. म्हणून आत शिरणारे फोटॉनही तितकेच. एकात ते मोठ्या जागेवर विरळ पसरतात, दुसऱ्यात लहान जागेवर दाट पडतात. एकूण बेरीज सारखीच राहते. म्हणून दाणेदारपणाही जवळजवळ सारखा, आणि चित्रात पुढे-मागे किती भाग स्पष्ट दिसेल तेही सारखे. तात्पर्य, मोठा सेन्सर आपोआप जास्त प्रकाश गोळा करत नाही. मोठे छिद्र असलेले भिंग लावल्यावर, किंवा स्थिर दृश्यावर जास्त वेळ प्रकाश घेतल्यावरच त्याचा फायदा पदरात पडतो. आणि मोठे छिद्र म्हणजे जास्त काच, जास्त वजन, जास्त पैसा. कॅमेऱ्यातून आरसा काढून टाकता आला. भिंगातून काच कशी काढणार?

उजनीचा रोहित

हे तत्त्व आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावरच पडताळता येईल. भीमा नदीवरील उजनी जलाशयाच्या भिगवणकडील पाणथळ भागात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. समजा, १.२ मीटर उंचीचा रोहित १०० मीटरांवर उभा आहे आणि आपल्याजवळ ३०० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग आहे. प्रतिमेची उंची = ३०० × १.२ ÷ १०० = ३.६ मि.मी. सेन्सर कोणताही असो, प्रतिमा ३.६ मि.मी. चीच पडणार, ती भिंगाने ठरवली आहे.

२४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००६ मि.मी. असते. तेव्हा रोहिताच्या वाट्याला उंचीत ६०० पिक्सेल येतात. २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर-थर्ड्सवर पिक्सेल सुमारे ०.००३३ मि.मी. चा, म्हणून वाट्याला सुमारे १,०८० पिक्सेल. पिसांचा तपशील लहान सेन्सरवर जास्त उमटतो. पक्षी-छायाचित्रकारांना लहान सेन्सर प्रिय आहे, तो याच कारणाने. मात्र ६१ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम सेन्सर घेतला, तर हीच संख्या सुमारे ९५० होते; म्हणजे फरक जवळजवळ मिटतो. पण अशा कॅमेऱ्याची किंमत त्या मानाने बरीच जास्त असते.

आता ओझ्याकडे वळू. फुल-फ्रेमसाठी सोनीचे ६०० मि.मी. एफ-४ भिंग ३,०४० ग्रॅम वजनाचे आहे. त्याचे छिद्र १५० मि.मी. चे. मायक्रो फोर-थर्ड्सवर तेवढेच दृश्य टिपणारे ऑलिंपसचे ३०० मि.मी. एफ-४ भिंग सुमारे १,२७० ग्रॅमचे. छिद्र ७५ मि.मी. चे. 'पाहा, लहान सेन्सर किती हलका!' असे लगेच म्हणू नका. कॅननने २०२० साली फुल-फ्रेमसाठीच ६०० मि.मी. एफ-११ भिंग काढले; त्याचे वजन ९३० ग्रॅम आणि छिद्र सुमारे ५४.५ मि.मी. म्हणजे वजन सेन्सरच्या नव्हे, मुख्यतः छिद्राच्या मागे जाते. अर्थात या भिंगातून येणारा प्रकाश ऑलिंपसच्या भिंगाच्या सुमारे निम्माच, हेही लक्षात ठेवा. पहाटेच्या धुक्यात उडणारा पक्षी टिपताना ही तूट जाणवते. नान्नजच्या माळरानावर काळवीट टिपायला जाणाऱ्याला दिवसभर खांद्यावर किती ओझे पेलवेल, हा विचार म्हणूनच आधी करावा लागतो.

डाळिंबावरचा डाग

सांगोला डाळिंबासाठी प्रसिद्ध आहे आणि तेल्या रोग हा या पिकाचा मोठा शत्रू. पानावरचा किंवा फळावरचा डाग जवळून टिपून तज्ज्ञाकडे पाठवायचा, तर तो सगळा स्पष्ट दिसायला हवा. जवळून छायाचित्र घेताना मात्र स्पष्टतेची खोली फार थोडी असते. फळाचा पुढचा भाग स्पष्ट, तर कडा पुसट. मायक्रो फोर-थर्ड्सवर एफ-८ ला जी खोली मिळते, तीच फुल-फ्रेमवर मिळवण्यासाठी छिद्र एफ-१६ पर्यंत आवळावे लागते. मग प्रकाश चौपटीने विरळ होतो आणि मोठ्या परातीचा फायदा तिथेच संपतो. जिथे खोली हवी, तिथे लहान सेन्सर कमी पडत नाही.

मोबाइल फोन या कामात बाजी मारतो, तो त्याच्या अगदी लहान सेन्सरमुळे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांचा दुसरा प्रतिस्पर्धी तो हाच. वरून फुल-फ्रेम, खालून फोन! जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही आत होता. ही घट मुख्यतः खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांची आहे आणि ती फोनने घडवली, फुल-फ्रेमने नव्हे.

शंकरपाळ्यांचे गणित

मोठा सेन्सर महाग का? आई पोळी लाटून शंकरपाळे कापते, ते आठवा. मोठे तुकडे कापले तर गोल पोळीच्या कडेला जास्त भाग वाया जातो. सेन्सरही सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापले जातात. ३०० मि.मी. व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ७०,७०० चौ. मि.मी. भरते. नुसता भागाकार केला, तर तिच्यात फुल-फ्रेमचे सुमारे ८१ आणि मायक्रो फोर-थर्ड्सचे सुमारे ३१४ तुकडे बसतील. प्रत्यक्षात कडेमुळे दोन्ही कमीच. शिवाय चकतीत सूक्ष्म दोष असतात. पिठात दहा खडे असतील, तर ते फार तर दहा तुकडे नासवतील. पण ८१ पैकी दहा जाणे आणि ३१४ पैकी दहा जाणे यांत फरक आहे! त्यामुळे तंत्र कितीही सुधारले, तरी लहान सेन्सर मोठ्यापेक्षा स्वस्तच राहणार. शिवाय लहान सेन्सर वजनाने हलका असल्याने हात थरथरला की त्याला उलट दिशेने सरकवून चित्र स्थिर ठेवणेही सोपे जाते.

इतिहास काय सांगतो?

अशी लढत पूर्वीही झाली आहे. ऑलिंपसने १९५९ साली पेन नावाचा अर्ध्या चौकटीचा कॅमेरा काढला. ३६ चित्रांच्या रिळावर त्यात ७२ चित्रे निघत. तो खूप खपला. पण १९६६ साली रोलाय कंपनीने पूर्ण चौकटीचाच खिशात मावणारा कॅमेरा आणला, इतरांनीही तसे कॅमेरे काढले, आणि अर्ध्या चौकटीची लाट ओसरली. कोडॅकने १९७२ साली आणलेल्या ११० फिल्मची चौकट १७ × १३ मि.मी. होती, जवळजवळ आजच्या मायक्रो फोर-थर्ड्सएवढीच! १९८२ च्या कोडॅक डिस्कची चौकट तर याहूनही लहान. तिची चित्रे दाणेदार येत आणि ती फार काळ टिकली नाही. यातून धडा असा : 'मी लहान आहे' एवढेच ज्याचे भांडवल, तो मोठ्याने आकार कमी करताच हरतो.

अलीकडचा अनुभवही तोच. निकॉनने २०११ साली सुमारे १३ × ९ मि.मी. सेन्सरची एक स्वतंत्र पद्धत काढली; ती २०१८ मध्ये बंद झाली. कॅननची एपीएस-सी मिररलेस पद्धत २०१२ साली आली आणि २०२३ पर्यंत संपली. पण इथे नीट पाहा. कॅननने एपीएस-सी सेन्सर सोडला नाही. २०२२ साली त्याच आकाराचे नवे कॅमेरे फुल-फ्रेमच्याच खोबणीत आणले. निकॉननेही २०१९ मध्ये तेच केले. संपली ती खोबण. सेन्सरचा आकार टिकला. फुजीफिल्मने तर फुल-फ्रेम टाळून एपीएस-सी आणि फुल-फ्रेमहून मोठा, असे दोन आकार ठेवले. ऑलिंपसने आपला कॅमेरा-व्यवसाय जानेवारी २०२१ पासून दुसऱ्यांच्या हाती दिला. तरी २०२२ मध्ये त्याच पद्धतीचा नवा कॅमेरा निघाला. पॅनासॉनिक २०१९ साली फुल-फ्रेममध्ये उतरली, पण २०२३ व २०२४ मध्येही तिने मायक्रो फोर-थर्ड्सचे नवे कॅमेरे काढले.

मग उत्तर काय?

एपीएस-सी टिकेल. तो स्वस्त आहे आणि मोठ्या भावाची भिंगे त्याला चालतात. मायक्रो फोर-थर्ड्सचे क्षेत्र आक्रसेल. पण पक्षी, कीटक, डोंगरवाटा आणि चलत्‌चित्रण जिथे आहे तिथे त्याला काम आहे. त्याहून लहान सेन्सरचे, भिंग बदलता येणारे कॅमेरे फोनपुढे टिकले नाहीत. सेन्सर लहान आहे म्हणून पद्धत मरत नाही. तिच्याकडे स्वतःचे असे काम उरले नाही म्हणून ती मरते.

तेव्हा कॅमेरा घेताना 'सेन्सर केवढा?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा : मला काय टिपायचे आहे? त्यासाठी केवढ्या छिद्राचे भिंग लागेल? ते मला उचलेल काय, परवडेल काय? आणि हे भिंग पुढे दुसऱ्या कॅमेऱ्याला लागेल काय? अंधारात हलणारी माणसे टिपायची असतील आणि मोठी भिंगे परवडत असतील, तर फुल-फ्रेम जरूर घ्या. नाहीतर त्याच पैशात लहान सेन्सरचा कॅमेरा आणि एक चांगले भिंग हा सौदा अधिक शहाणपणाचा ठरेल.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेतून १० सें.मी. नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घ्या. अंधाऱ्या खोलीत, उजळ खिडकीसमोरच्या बाजूला ते धरून खिडकीची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्या. कागदावर आधीच ३६ × २४ आणि १७ × १३ मि.मी. च्या दोन चौकटी आखून ठेवा. चौकट बदलली तरी खिडकीची प्रतिमा लहान-मोठी होत नाही. लहान चौकटीत फक्त कमी भाग मावतो, हे दिसेल. आता काळ्या पुठ्ठ्याला भिंगाच्या निम्म्या व्यासाचे भोक पाडून तो भिंगापुढे धरा. प्रतिमा पूर्वीएवढीच राहील, पण अंधूक होईल. किती पटीने? व्यास निम्मा केल्यावर क्षेत्रफळाचे काय होते, ते आठवा. उत्तर तुम्हाला मिळेल.